आमच्या धामणीची अंडी

आधीच माफी मागते. माझं ऱ्हस्वदीर्घ चुकतं, आणि अक्षर असं आहे की चौथीत बाई म्हणायच्या, "पाटीवरून कोंबडी चालत गेली काय गं?" चौथीनंतर शाळा सुटली, म्हणून ते सुधारायचं राहूनच गेलं. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण कधी कोणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालाव्यात. तोंडाने सांगायला गेले तर माझं अर्धं बोलणं घशातच राहतं, आणि या वर्षी आमच्याकडे जे झालं ते अर्धं सांगण्यासारखं नाही. अजून आठवलं की छातीत धडधडतं. भीतीने नव्हे, आनंदाने.

आमचं घर रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून बरंच आत. आमचे हे बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला आहेत. दोन मुलगे मुंबईला. घरात दिवसभर मी, एक गाय आणि कोंबड्या. शेजारच्या घरात थोरली जाऊ, तिला मी वैनी म्हणते. घरामागे जांभ्या दगडाचा गडगा आहे, म्हणजे नुसते दगडावर दगड रचलेलं कुंपण. त्या गडग्यात एक धामण राहायची.

ती आली तेव्हा दोरीएवढी होती. पाच-सहा वर्षांत माझ्या उंचीहून लांब झाली. धामणीला विष नसतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत, तरी दिसली की हात काठीकडे जातोच. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असंही म्हणतात. मी रोज गाय पिळते, एकदाही दूध कमी आलं नाही. कमी झाले ते उंदीर. पूर्वी भाताच्या कणगीला खालून भोकं पडायची, झाडावरचे कोवळे नारळ कुरतडून खाली पडायचे. ती आल्यापासून ते बंद झालं.

मी तिला बाय म्हणायचे. आमच्याकडे लाडक्या पोरीला बाय म्हणतात, आणि मला पोरगी नाही. सकाळी मागल्या दारी भांडी घासायला बसले की गडग्याच्या फटीतून तिचं डोकं बाहेर यायचं. मग हळूहळू बाकीची यायची आणि उन्हात पडून राहायची. मी हात लावायला गेले नाही, तीही जवळ आली नाही. मी बोलत राहायचे. मुलाचा फोन आला नाही, गाईने आज लाथ मारली, वैनी काल काय बोलल्या, सगळं. मी चारचौघांत तोंड उघडत नाही. दारात परका माणूस आला की मी मागच्या पडवीत. पण तिच्यापुढे माझी गाडी थांबायची नाही. सापाला कान नसतात हे मला नंतर कळलं. तेव्हा मला हसू आलं, पण वाईट नाही वाटलं.

या वर्षी उन्हाळ्यात ह्यांनी बंदरावरून फाटकी जाळी आणली. मच्छीमारांची जाळी विरली की ती आमच्याकडे घरोघरी येते, भाजीच्या वाफ्याभोवती लावायला. कोंबड्या आणि माकडं आत येत नाहीत. फुकटची वस्तू, कोण सोडतो. ह्यांनीही वालीच्या आणि मिरचीच्या वाफ्याभोवती ती खुंट्या मारून ताणून लावली.

वैशाखात एका लग्नाला गेलो होतो. दुपार टळल्यावर आलो. मी साडी न बदलताच मागे गेले, आणि पाहिलं. बाय जाळ्यात होती. डोकं आणि हातभर अंग आत गेलं होतं, मागचं जाड अंग अडकलं होतं. सुटायला जितकी वळवळली असेल तितका धागा खवल्यांखाली रुतला होता. ऊन तिच्यावर सबंध दिवस. मेलेली आहे हे मला दिसत होतं, तरी मी तांब्याने तिच्या डोक्यावर पाणी घातलं. परत आत जाऊन आणखी एक तांब्या आणला.

कात्रीने एक एक आसा, म्हणजे जाळीचा डोळा, कापून तिला सोडवली. पहिल्यांदा हात लावला तो तेव्हा. किती जड होती!

थोरल्या जाऊबाई गडग्यापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "मेली ना? मग वहाळात टाक, नायतर वास मारेल."

मी म्हटलं, "अग्नी देणार."

"धामणीला? अगो, नागाला देतात अग्नी. नाग देव हाय. धामण म्हणजे काय, लांबडं जनावर. आज हिला अग्नी देशील, उद्या झुरळाचं बारावं घालशील!"

मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, की नाग वर्षातून एकदा पूजेला लागतो, ही माझ्याकडे रोज होती. पण माझी नजर जमिनीवर आणि शब्द पोटात, नेहमीसारखे. ह्यांनी मात्र एकदा माझ्याकडे पाहिलं, लग्नाचा सदरा काढून दांडीवर टाकला आणि सुक्या झावळ्या ओढायला लागले. मग लाकडं आणली. मेलेल्या नागाच्या तोंडात तांब्याचा पैसा ठेवतात. सासूबाईंच्या मागे राहिलेल्या डब्यात एक भोकाचा पैसा होता, तो मी शोधून आणला. वाडीच्या टोकाला, माडापासून लांब, तिला अग्नी दिला. जाऊबाई येणार नाही म्हणाल्या आणि आल्या. येताना तुपाची वाटी घेऊन आल्या.

"बघतेस काय? ओत. नुसत्या झावळीवर काय जळत नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला बसले आणि बोलायला तोंड उघडलं. फट रिकामी. एवढंच लिहिते त्या दिवसाबद्दल. जाळी मी आदल्या रात्रीच गुंडाळून ठेवली होती. माकडांनी मिरच्या नेल्या तर नेल्या.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची. माणसाची राख समुद्रात सोडतात. समुद्र काही लांब नाही, पण धामणीच्या राखेचं मडकं घेऊन एसटीत बसायचं कसं? कंडक्टरने विचारलं, "मावशी, कोण गेलं?" तर काय सांगायचं? माझी तर वाचाच बसली असती. म्हणून ठरवलं, राख गायरीत घालायची. गायरी म्हणजे शेणखताचा खड्डा. आमच्याकडे चुलीची राख रोज गायरीतच जाते, आणि गेला महिनाभर बाय सकाळी फटीतून तोंड दाखवून परत गायरीच्या कडेलाच पडून असायची. उन्हाला येत नाही, खायला जात नाही, मला वाटायचं म्हातारी झाली.

गायरी काठोकाठ भरलेली होती. गडग्याच्या अंगाला, जिथे ती पडून असायची, तिथेच वरचा सुका पालापाचोळा हाताने बाजूला केला. राखेपुरता एक खळगा करावा एवढंच मनात होतं. बोटांना काहीतरी मऊ लागलं. पाला आणखी सारला.

अंडी!

पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली. कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवच नाही, बोट लावलं तर चामड्यासारखं दबेल असं. मी मोजायला लागले, आठपर्यंत गेले, पुढे ढिगाखाली किती आहेत दिसेना. राखेचं मडकं कुठे ठेवलं तेही आठवेना. मी पाला होता तसा परत सारला आणि पळत सुटले. जाऊबाईंच्या अंगणात कधी पळत गेल्याचं मला आठवत नाही.

"वैनी! अंडी!"

"कोणाची? तुझी ती काळी कोंबडी खुडूक हाय ना?"

"कोंबडीची नाय! बायची!"

जाऊबाई हातातली सुपली खाली ठेवून उभ्या राहिल्या. "अगो बाई, मरूनसुद्धा सुटका नाय तुझी!" म्हणाल्या. आणि माझ्या आधी गायरीवर पोचल्या. राख त्या संध्याकाळी मी गडग्याच्या बुडाशी घातली.

आता अडचण सांगते. ती गायरी विकलेली होती.

पावसचे एक हापूसवाले बागायतदार आहेत. माझे सासरे त्यांच्या बागेत कामाला होते, म्हणून ते मला सूनबाई म्हणतात आणि मी त्यांना काका म्हणते. म्हणजे मनात म्हणते, बोलायची वेळ कधी आली नव्हती. दर वर्षी पावसाच्या तोंडावर त्यांचा टेम्पो येतो आणि आमचं शेणखत कलमांना घालायला घेऊन जातो. या वर्षी गोठ्याचे पत्रे उडाले होते, म्हणून ह्यांनी त्यांच्याकडून पाच हजार रुपये आगाऊ घेतले. पत्रे आणले, चढवले. पैसे गोठ्यावर आणि खत खड्ड्यात. टेम्पो पंधरवड्यात येणार, आणि फावडं लागलं की अंडी संपली.

ह्यांना रिक्षा स्टँडवर एक सर्पमित्र माहीत होता, शहरात रिक्षा चालवतो आणि कोणाच्या घरात साप निघाला की धरून रानात सोडतो. त्याला बोलावलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. त्याने वाकून पाहिलं, हात लावला नाही.

"धामणीचीच दिसतात. दिवडाची, म्हणजे पाणसापाचीही असू शकतात म्हणा, छातीठोक नाही सांगत."

मी दाराआडून म्हटलं, "धामणीचीच."

तो वळला. "ताई, तुम्ही बघितलीत घालताना?"

"नाय. पण ती इथून हलायची नाय."

"मग तिचीच. धामण बसते अंड्यांजवळ." मग म्हणाला, "पाळली होती काय तुम्ही? पाळता येत नाही हां साप, कायदा आहे."

"पाळली नव्हती हो! ती आमच्याकडे राहायची!"

तो हसायला लागला, हेही हसले. मीच दाराबाहेर कधी आले होते ते मला कळलं नाही.

त्याने सांगितलं, अंडी उचलून नेता येतात, पण आत जीव धरलेला असतो, जरा उलटी झाली तरी दगावतात. जागच्या जागी राहिली तर सगळ्यात बरं, ही ऊब तिने बघून घेतलेली आहे. वरून पाणी जाऊ देऊ नका. कोंबड्या आणि मुंगूस सांभाळा. "पाऊस लागायच्या आतच फुटतील," असंही म्हणाला. ते काही खरं झालं नाही.

ह्यांनी त्याच संध्याकाळी काकांना फोन केला. खत उशिरा न्या म्हणाले. काका म्हणाले, पाऊस लागला की बागेत टेम्पो उतरत नाही, उशिरा मला त्याचा काय उपयोग? ह्यांनी अंड्यांचं सांगितलंच नाही. नंतर मला म्हणाले, "सापाची अंडी हायत म्हणून खत देत नाय, असं कसा सांगू गो? माणूस काय म्हणेल?"

आणि टेम्पो आला. आला तो नेमका हे कामावर असताना. मागून काकांची गाडी. दोन गडी फावडी आणि घमेली घेऊन उतरले आणि सरळ मागे चालायला लागले, त्यांना दर वर्षीची वाट पाठ.

मी पडवीत होते. दर वर्षी मी पडवीतच असते, चहा करून खिडकीत ठेवते. मला माहीत होतं, आता जर मी पडवीत राहिले तर सगळं संपलं. माझे पाय कसे निघाले ते देव जाणे. मी धावले, गड्यांच्या पुढे गेले आणि गायरीच्या कडेला दोन्ही हात पसरून उभी राहिले. डोक्यावरचा पदर कुठे, मी कुठे!

"खत मिळायचं नाय!"

हा माझा आवाज होता. एवढा मोठा की कोंबड्या उडाल्या.

काका मागून येत होते. "काय झालं सूनबाई? पैसे कमी वाटतात काय? बोलू आपण."

"पैसे नाय कमी. आत अंडी हायत."

"कसली अंडी?"

"धामणीची. आमची धामण मेली, तिची अंडी हायत. हलवली तर मरतील."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "सापाच्या अंड्यांपायी माझं खत अडवलंस? अगं, माझी चाळीस कलमं उपाशी राहतील त्याचं काय? चला रे, घाला फावडं."

मी हलले नाही. पण खरं सांगते, मला हलवायची गरजही पडली नाही. दोघांतला थोरला गडी फावडं टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "मी नाय हात लावायचा."

"का रे?"

"पोराबाळांचा धनी हाय मी. मेलेल्या जनावराची पिल्लं उकरायची? उद्या माझ्या दारात काय झाला तर तुम्ही याल?"

दुसऱ्याने तर घमेलं केव्हाच टेम्पोत टाकलं होतं.

काका चिडले. ते काही वाईट नाहीत, सासऱ्यांच्या दुखण्यात त्यांनीच गाडी दिली होती. पण त्यांचं म्हणणंही खरंच होतं. त्यांनी पैसे मोजले होते आणि मोसम निघून चालला होता. म्हणाले, "ठीक आहे. मी दुसरीकडून घेतो, दुप्पट भावाने. पण मग माझे पैसे परत पाहिजेत. गणपतीच्या आत. सगळे. तुझ्या नवऱ्याला सांग."

"मी देईन," मी म्हटलं.

हे का बोलले, कशाच्या जोरावर बोलले, मला काहीही ठाऊक नव्हतं. टेम्पो रिकामा परत गेला आणि मी गायरीच्या काठावर बसकण मारली. जाऊबाई गडग्यापलीकडून म्हणाल्या, "तू होतीस काय ती? मला वाटलं कोण भांडखोर बाई आली!" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ह्यांना कळलं तेव्हा त्यांनी आधी गोठ्याच्या नव्या पत्र्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाच हजार आणायचे कुठून?" त्यांच्या पगारातून घर कसंबसं चालतं हे मलाही माहीत होतं. मी म्हटलं, बघू. पण मला तेव्हा पैशाची काळजी करायला सवडच नव्हती, इतकी मी अंड्यांच्या मागे होते.

पाऊस लागला तरी अंडी फुटली नव्हती. ह्यांनी गायरीभोवती चर खणला, पाणी बाहेरून जाईल असा. वर चार वासे रोवून ताडपत्री ताणली. अंड्यांवर मी कोंबड्यांचं डालगं पालथं घालून ठेवलं, त्यावर दगड. एकदा पहाटे पाहते तो डालगं कलंडलेलं, मुंगसाने जोर लावला होता. मग आणखी दोन दगड. पाऊस एवढा कोसळायचा की मी भाकरी तव्यावर करपू द्यायची आणि छत्री घेऊन बघून यायची. हे म्हणायचे, "मुलगे झाले तेव्हा पण एवढी धावली नव्हतीस." जाऊबाई रोज विचारायच्या, "काय गो, बाळंतिणीशिवाय बाळंतपण कुठवर आलं?"

पाला सारून बघायचा धीर व्हायचा नाही आणि न बघता राहवायचं नाही. अंडी हळूहळू खळी पडल्यासारखी दिसायला लागली. मी घाबरले, मेली वाटतं. ह्यांच्याकडून सर्पमित्राला फोन लावून घेतला आणि फोन मी स्वतः कानाला लावला. म्हणाला, "ताई, फुटायच्या आधी तशी होतात असं मी ऐकलंय. थांबा."

आषाढातली सकाळ होती, पावसाने जरा उघडीप दिली होती. मी डालगं उचललं. एका अंड्यावर बारीक चीर होती, ब्लेडने कापल्यासारखी. त्या चिरेतून एक नाक बाहेर. शेंगदाण्याएवढं डोकं, आणि डोळे! सगळ्या डोक्यापेक्षा डोळे मोठे, काळेभोर, गोल. ते माझ्याकडे बघत होते. मग जीभ बाहेर आली, आत गेली.

मी हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. शेवटी ताटलीवर दगड वाजवला. हे दाढी करता करता साबण लावलेल्या तोंडाने आले, जाऊबाई हातात पीठ घेऊन आल्या. आम्ही तिघं उकिडवी बसलो त्या शेणखताच्या कडेला. दुसऱ्या अंड्याला चीर पडली. तिसऱ्याला. पहिलं पिल्लू थोडं बाहेर यायचं आणि परत आत जायचं, बाहेरचं जग पसंत नसल्यासारखं.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "तुझ्यावर गेलंय. दारातून डोकावतंय नुसतं."

सबंध दिवस आणि दुसरा दिवस ते चाललं होतं. कोंबड्या कोंडून ठेवल्या होत्या. एक एक पिल्लू निघायचं, करंगळीपेक्षा बारीक, पण हातभर लांब. एवढ्याशा अंड्यात हे मावलं कसं, असं वाटायचं! अंगावर पांढुरके आडवे पट्टे. जरा थांबायचं, जीभ काढून हवा चाखायचं, आणि सुळकन गडग्याच्या फटीत. मी अकरा बघितली. दोन अंडी फुटलीच नाहीत, ती तिथेच पुरली. ह्यांनी एका पिल्लाला जरा बोट दाखवलं, तर ते एवढंसं पोरगं मान फुगवून अंगावर आलं! हे मागे सरकले ते शेणातच बसले. त्या दिवशी मी किती हसले त्याचा हिशोब नाही. आई नसताना, फावड्यातून, मुंगसातून, पावसातून वाचली होती ती.

मग माझ्या लक्षात आलं, आता पाच हजार.

रानभाजी मला लहानपणापासून ओळखता येते. टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, सगळी कातळावर आणि बांधावर उगवते, आम्ही घरापुरती आणतो. शहरात ती जुडी करून विकतात हे मला माहीत होतं. पण विकायला बसायचं म्हणजे अनोळखी लोकांत बसायचं. मी म्हटलं, टेम्पोपुढे उभी राहिलेली बाई बाजारात बसू शकेल. पहाटे भाजी खुडली, जुड्या बांधल्या, पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेले आणि बाजाराच्या कडेला, बायका बसतात त्या ओळीच्या अगदी टोकाला, गोणपाट टाकून बसले.

तासभर मी मान वर केली नाही. लोक येत होते, बघत होते, पुढे जात होते. शेजारची बाई म्हणाली, "अगो, भाजी घेऊन बसलीस की मयताला आलीस? ओरड जरा!" ओरडायला काही जमलं नाही. मग एक पँट घातलेली बाई थांबली आणि फोडशीची जुडी उचलून म्हणाली, "हे काय आहे? गवत?"

"गवत कसं असेल?" मी म्हटलं. आणि मग मला थांबताच येईना. पात्याच्या मधली कडक शीर कशी काढायची, कांदा किती, चणाडाळ आधी भिजवायची, वरून खोबरं, पाणी घालायचं नाही. बायच्या पुढे सुटायची तशी माझी गाडी सुटली होती. सांगता सांगता वर पाहिलं तर चार जणी उभ्या होत्या. बारा वाजायच्या आत गोणपाट रिकामं झालं. परतताना एसटीत मी पैशांच्या पिशवीवर हात ठेवून बसले होते आणि एकटीच हसत होते. समोरची बाई माझ्याकडे बघून खिडकीबाहेर बघायला लागली.

पाऊस असो नसो, आठवड्यातून तीनदा जायला लागले. भाजी सरत आली तशा फणसाच्या आठळ्या नेल्या, उन्हाळ्यात केलेली आमसुलं नेली. आमसुलांचा डबा घेऊन जाऊबाईपण यायला लागल्या. त्या ओरडायच्या, मी कृती सांगायची. शेजारची बाई म्हणाली, "आता हिला गप्प कोण करणार?" नागपंचमीच्या आधी मी काकांना दोन हजार नेऊन दिले. हे म्हणाले, मी देऊन येतो. मी म्हटलं, नको, मी बोलले होते, मीच देणार. काकांनी मोजून घेतले. नारळी पौर्णिमेला आणखी पंधराशे.

गणपती दोन दिवसांवर आले आणि उरलेले पंधराशे जमले. दहा-वीसच्या नोटा, थोडी नाणी, सगळी पुरचुंडी करून मी चालतच पावसला गेले. काका ओटीवर मखराला रंगीत कागद लावत होते. काकूंनी मला आत बोलावून चहा दिला, आणि मी तो घेतला, पडवीत न जाता, त्यांच्यासमोर बसून.

काका म्हणाले, "फुटली काय गं अंडी?"

"फुटली. अकरा पिल्लं झाली."

"अकरा!" त्यांनी कात्री खाली ठेवली. "आणि गेली कुठे सगळी?"

"गेली चहूकडे. दोन तरी गडग्यात हायत, कातीवरून कळतं. उंदीर परत आले होते, आता बघू."

"माझ्या बागेकडे पाठव चार. उंदरांनी नारळांची वाट लावलीय." आणि कात्री परत उचलून म्हणाले, "पुढच्या साली खत देशील ना? आगाऊ पाहिजेत काय?"

"आगाऊ नको काका," मी म्हटलं. पहिल्यांदा त्यांना तोंडावर काका म्हटलं. "खत उचललंत की द्या. आणि टेम्पो आणायच्या आधी मला विचारा, गायरी रिकामी हाय का म्हणून."

ते मोठ्याने हसले. मी पुरचुंडी सोडली. त्यांनी नोटा मोजल्या, मी नाणी मोजून दिली. पंधराशे बरोबर भरले. काकांनी ते कपाटात ठेवले आणि बाहेर येऊन म्हणाले, "फिटले सूनबाई, सगळे फिटले."